तिच्या पायाचा नवस

अश्विनी जर्मनीहून घरी आली त्या दिवशी शेजारच्या कवडूमामांनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिनं ओट्यावर चपला काढल्या आणि मामा तिचे पायच पाहत राहिले. अंगठ्याच्या मुळाशी गाठ, दोन नखं काळी, बोटांवर घट्टे.

“काय वं पोरी, विमानात बसून येते अन् पाय तर निंदणाऱ्या बाईवानी!”

“मामा, मी बी मजूरच आहो. फक्त माह्यं वावर लाकडाचं असते.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण पायरी चढताना तिनं उजवा पाय आधी टेकवून पाहिला आणि मग त्यावर भार दिला. वाड्यातली गाय पाण्यात पाय घालायच्या आधी करते तसं.

मी तिची काकू. मोहगावात आमचं घर एक आहे, चुली दोन. तिचे वडील शालिकराम माझे भासरे म्हणजे मोठे दीर, तिची आई सुशीला माझी मोठी जाऊ. जावेला मी बाई म्हणते. अश्विनी बॅले नाचते. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचा हा युरोपातला नाच. पेपरात तिचा फोटो दोनदा आला, सौंसरच्या बसस्टँडवर तिच्या नावाचा फलक लागला. पण पेपरवाल्यांना जे कोणी सांगितलं नाही ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

सहा वर्षांची असताना तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पाय गेले. बसवलं तर बसायची, उभं केलं तर कापडाच्या बाहुलीसारखी खाली यायची. नागपूरला मोठ्या दवाखान्यात एक महिना वीस दिवस ठेवली. डॉक्टर म्हणाले नसांचा आजार आहे, चालेल की नाही ते आज सांगता येत नाही. मधे एकदा बाई कपडे न्यायला घरी आली. परत जाताना मी सोबत होते. वाटेत ती जामसांवलीला उतरली. मारोतीच्या पुढ्यात डोकं टेकवलं आणि मोठ्यानं बोलली, “मारोतीराया, पोरगी उभी कर. मोठी झाली की चैत्र पुनवेले तिच्या पायानं, अनवाणी, मोहगावहून तुह्यापाशी चालत आणीन.”

मी नारळ हातात घेऊन बाजूला उभी होते. तिसरं कोणी ऐकलं नाही. शब्द आईचा आणि पाय लेकीचे, हे माझ्या मनात तेव्हाच आलं होतं. पण तशा वेळी आईला हे कोण सांगणार?

तेराव्या दिवशी अश्विनीचा अंगठा हलला. महिन्याभरानं ती भिंत धरून उभी राहिली. मग दर रविवारी व्यायामासाठी नागपूरला न्यायचं ठरलं. व्यायाम देणाऱ्या डॉक्टरांनी शिकवलं, लोखंडी दांडा धरायचा, टाचा वर, टाचा खाली, शंभर वेळा. त्याच इमारतीत वरच्या माळ्यावर एक म्हाताऱ्या पारशी मॅडम मुलींना बॅले शिकवायच्या. एकदा दवाखाना उघडायला वेळ होता म्हणून बाई पोरीला घेऊन जिन्यात बसली. वरचं दार उघडं होतं. दहा-बारा मुली लाकडी दांडा धरून टाचा वर, टाचा खाली करत होत्या.

“आई,” अश्विनी म्हणाली, “ह्या बी माह्यासारख्या आजारी आहेत का वं?”

मॅडमनी ते ऐकलं. त्या हसल्या नाहीत. पोरीला आत बोलावलं आणि दांड्यापाशी रांगेत उभं केलं.

तिथून पुढे नऊ वर्षं दर रविवारी पहाटे भासरे मोटरसायकलवर मायलेकींना सौंसरला सोडायचे, तिथून नागपूरची बस. नातेवाईक विचारायचे, पोरीला नाचायला कुठे नेऊन राहिले? भासरे म्हणायचे, “डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम आहे.” पोरगी स्पर्धा जिंकून आली तरी हेच सांगायचे. ती सोळाव्या वर्षी मुंबईला गेली, एकोणिसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळून जर्मनीला. तिथल्या एका मोठ्या नृत्यमंडळीत सहा वर्षं ती मागच्या रांगेत नाचली. आणि यंदा मे महिन्यातल्या प्रयोगांसाठी तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती.

नवस मात्र राहिला होता. आधी पोर लहान म्हणून, मग चैत्रात तिकडे त्यांचे कार्यक्रम जोरात म्हणून. बाई दर वर्षी पुनवेला देवघरापुढे बसून म्हणायची, “यंदा बी नाही जमलं रे बाबा.” यंदा अश्विनीचा फोन आला की पुनवेच्या वेळी सुट्टी मिळाली, येऊन राहिली. बाईनं त्याच दिवशी शेंदूर आणून ठेवला.

पुनवेला तीन दिवस होते तेव्हा मी तिच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले. बॅगेत कपड्यांच्या खाली एक करडा, जाड प्लास्टिकचा, गुडघ्यापर्यंतचा बूट होता. पट्ट्यापट्ट्यांचा. मोडलेल्या पायाला घालतात तसा.

“हे काय आहे वं?”

ती न्हाणीतून येत होती. आधी तिनं दार लावलं.

“काकू, आईले सांगू नको.”

मग तिनं फोनवर फोटो दाखवला. पंजाच्या दुसऱ्या हाडाला केसासारखी चीर. फेब्रुवारीत स्टेजवर सराव करताना पडली होती. सुट्टी मिळाली म्हणून ती घरी आलीच नव्हती, पाय मोडला म्हणून आली होती. हाड आता जुळत होतं. एप्रिलच्या बावीस तारखेला तिकडे तपासणी होती. तोवर कठीण जमिनीवर अनवाणी अजिबात चालायचं नाही, असं त्यांच्या डॉक्टरनं लिहून दिलं होतं. चीर उघडली तर भूमिका गेली. दुसरी एक मुलगी तीच भूमिका शिकतही होती.

“मग चालते कशाले? पुढच्या वर्षी फेड न.”

“काकू, तुले मालूम आहे का हाड काऊन मोडलं? मी दर वेळी स्टेजवर जायच्या आधी त्याचं नाव घेतो. त्या दिवशी बी घेतलं, अन् पाय मोडला. अठरा-एकोणीस वर्षं झाली, त्याच्यापासून घेतलं ते घेतलंच, दिलं काहीच नाही. आता बी असंच गेली तर तिथं मले उभंच राहता नाही येणार. पायाचं नाही सांगून राहिली मी. इथलं सांगून राहिली.” तिनं छातीवर हात ठेवला.

मी दर शनिवारी रुईची माळ घेऊन जामसांवलीला जाणारी बाई. देव असा हाड मोडून वसुली करत नाही, हे मी तिला म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मलाच खात्री नव्हती. तिनं माझा हात धरून कबूल करून घेतलं की आईला सांगणार नाही.

त्या तीन दिवसांत मी दुसरीकडूनच प्रयत्न केले. बाई भाजी निवडत होती तेव्हा म्हटलं, “सौंसरपर्यंत गाडीनं जाऊ, तिथून पुढं चालू. ऊन लय आहे.”

“मोहगावहून आणीन, असं बोलली होती मी. तू होती न तिथं?”

“मग चपला घालून चालू द्या.”

“अनवाणी बोलली.” बाईनं माझ्याकडे पाहिलं. “काऊन वं, तुले काय झालं? माह्यी साखर नसती तर मी बी तिच्यासंग अनवाणीच चालली असती.”

बाईला दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. सौंसरच्या डॉक्टरनं तिला ताकीद दिली होती, अंगणातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, तुमच्या तळव्यांना आता जखम झाली तरी समजणार नाही. म्हणून ती स्वयंपाकघरातही रबरी चपला घालते. देवघरापुढे तेवढ्या काढते.

भासऱ्यांनीही जेवताना विषय काढला. “पोरगी थकली दिसते. राहू द्या यंदा.”

“बाबा, मी चालतो,” अश्विनी म्हणाली आणि भाकरीचा घास मोडला.

पुनवेला पहाटे पाचला आम्ही निघालो. गावातले चौदा जण, पुढे भगवा झेंडा, मागे कवडूमामा टाळ घेऊन. अश्विनीचा भाऊ स्वप्निल मोटरसायकलवर पाण्याची कॅन बांधून मागेपुढे करत होता. रस्ता गार होता. पहिला तास बरा गेला. मी तिच्या मागेच चालत होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं, तिची उजवी टाच तेवढी दिसत होती. टाच, चवडा, टाच, चवडा. भजनातलं एक अक्षर माझ्या कानात गेलं नाही.

उजाडल्यावर ती पाय बाहेरच्या कडेवर टाकायला लागली. आधी मला वाटलं खडा चुकवते आहे. पण खडे नव्हते तिथेही तसाच. संत्र्याच्या बागा मागे पडल्या, सौंसर ओलांडलं, ऊन पाठीवर आलं. डांबर अजून पुरतं तापलं नव्हतं पण चटका लागत होता. स्वप्निल पाणी घेऊन आला तर तिनं नको म्हटलं. तोंड उघडलं तर आवाज निघेल, असे तिचे ओठ मिटलेले होते.

“काय मेमसाब,” कवडूमामा मागून ओरडले, “नाचता येते लोकांच्या देशात, अन् आपल्या देवापाशी चालता नाही येत का?”

ती हसली. पण मामांचं बोलणं संपून, टाळ पुन्हा वाजून, मग हसली.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. शंभर-दीडशे पावलांचा तुकडा नुसता गिट्टीचा. बाकीचे कडेनं मातीवरून गेले, पण कडेला नाली खणलेली, वाट एका माणसाची. गर्दीत अश्विनी गिट्टीवर आली. चार पावलं गेली आणि थांबली. पाचवं टाकायला पाय उचलला आणि तसाच वर धरून उभी राहिली. एका पायावर, सरळ, हात किंचित बाजूला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की ही नाचून दाखवते आहे.

मी बाईचा दंड धरला.

“बाई, तिच्या पायाचं हाड मोडलेलं आहे.”

“काय?”

“उजव्या पायाचं. फेब्रुवारीपासून. पुन्हा उघडलं तर तिचं ते मेमधलं सगळं जाते.”

“तुले कधीपासून मालूम?”

“तीन दिवस झाले.”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवर मी काही लिहीत नाही. मग ती लेकीपाशी गेली, तिथेच गिट्टीवर बसली आणि तो वर धरलेला पाय मांडीवर घेतला. अंगठ्यानं पंजा दाबत गेली. एका जागी अश्विनीनं श्वास ओढला.

“काकू!” ती माझ्यावर ओरडली. “तू कबूल केलं होतं!”

“स्वप्निल,” बाई म्हणाली, “गाडी इकडं आण. बस तिच्यावर.”

“नाही बसत.”

“अश्विनी.”

“अर्ध्याच्या वर आलो आपण, आई. आता सोडलं तर काय राहीन? तो तरी काय म्हणन, पोरगी अर्ध्या रस्त्यातून पळाली. मी नाही बसत. अजून एक तास. मोडलं तर मोडलं.”

मागचे लोक गोळा झाले होते. झेंडा थांबला होता. कोणीतरी म्हणालं, आता सोडू नये, अशुभ असते. स्वप्निल गाडी बंद करून उभा होता आणि कोणाचं ऐकावं ते त्याला कळत नव्हतं. अश्विनीनं पाय आईच्या मांडीवरून काढून घेतला आणि गिट्टीवर टेकवला. तिचा चेहरा पांढरा झाला.

तेव्हा बाई खाली बसल्या बसल्याच बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“नवस तुह्या पायाचा नव्हताच.”

“काय?”

“माह्या पायाचा होता. मी म्हटलं होतं, पोरगी उभी झाली की मी अनवाणी चालत येईन. मग साखर निघाली. भेव वाटे मले. म्हणून लोकाईले सांगत राहिली, पोरीच्या पायाचा आहे, पोरगी आली की फेडन. तुह्यावर ढकलला मी.”

“बाप रे, सुशीला!” कवडूमामांच्या हातातला टाळ वाजला. “देवाशी बी चालबाजी?”

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौदा जणांत तिची लाज गेली होती आणि तिनं ती स्वतःच्या हातानं टाकली होती. तिच्या बोलण्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

अश्विनी माझ्याकडे वळली. “काकू, तू होती तिथं. कोणाच्या पायाचा होता?”

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“मारोतीची शपथ घेऊन सांग.”

बाई चपलांचे पट्टे सोडत होती. माझ्याकडे मान वर करून पाहतही नव्हती, मी काय करावं ते तिनं सुचवलं नाही. मला फक्त ते रबरी पट्टे आणि त्याखालची तापलेली गिट्टी दिसत होती. आईच्या पायाचा म्हटलं तर आईचा पाय जातो. लेकीच्या म्हटलं तर लेकीचा. आणि शपथ मागितली होती ज्याच्या नावाची, त्याच्याकडेच आम्ही निघालो होतो.

“हो,” मी म्हटलं. “मारोतीची शपथ. तुह्या आईच्याच पायाचा होता.”

अश्विनीनं गिट्टीवरून पाय उचलला. मग मोटरसायकलवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाईनं चपला माझ्या पिशवीत टाकल्या आणि गिट्टीवरून चालायला लागली.

पुढचा एक तास मी तिला किती वेळा म्हटलं असेल, बाई, सावलीतून चला, बाई, थोडं थांबा, बाई, फडकं बांधते. ती म्हणायची, “मले काही दुखून नाही राहिलं वं.” तेच तर भयाचं होतं. तिला काहीच दुखत नव्हतं.

जामसांवलीला खूप गर्दी होती. झाडाखाली मारोती आडवा निजलेला आहे, त्याच्यापुढे आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. रांगेत माझ्या पुढे बाई, बाईच्या पुढे अश्विनी. फरशीवर बाईच्या प्रत्येक पावलागणिक एक ओला डाग उमटत होता. मला वाटलं पाय धुतलेल्याचं पाणी असेल. वाकून पाहिलं तर लाल होतं.

उजव्या तळव्याला अंगठ्याच्या खाली रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि त्यात गिट्टीची कच गेली होती. सौंसरच्या डॉक्टरनं आम्हाला सगळ्यांना उभं करून झापलं. “पाय कापायचा आहे का यांचा? आठ दिवसांत भरायला लागलं नाही तर नागपूरला न्या, इथं ठेवू नका.” भासरे गावाहून आले होते, खाली मान घालून ऐकत होते. रोज मलमपट्टी, दोन वेळा इंजेक्शन. पाचव्या दिवशी जखमेची कड काळी पडली.

अश्विनीचं जाणं दुसऱ्या दिवसावर आलं होतं. ती म्हणाली, मी जात नाही.

“माह्या पायाजवळ बसून तुह्या पायाचं काय होणार आहे?” बाई म्हणाली. “जा. अन् गाडीत तो बूट घालून बस, लोकाईले दिसू दे.”

स्वप्निल आणि भासऱ्यांनी तिला पांढुर्ण्याहून दिल्लीच्या गाडीत बसवलं. त्यानंतर रोज पट्टी सोडली की बाईच्या तळव्याचा फोटो मी तिला पाठवायचा, असं तिनं बजावून सांगितलं होतं. मी पाठवत होते. उत्तरात कधी काही यायचं नाही, फक्त पाहिल्याची निळी खूण.

बावीस तारखेला दुपारी तीनला फोन आला. बाईचा पाय उशीवर होता. मी फोनचा आवाज मोठा केला.

“उघडलं नाही हाड,” अश्विनी म्हणाली. “जुळून राहिलं. सोमवारपासून सराव.” मग लगेच, “आईची कड काळीच आहे का?”

“थोडी मागे गेली,” मी म्हटलं. खरंच गेली होती, पण थोडीच.

जखम भरायला मेचा तिसरा आठवडा उजाडला. नागपूरला न्यावं लागलं नाही. माझ्या शपथेचं मी कोणाशी बोलले नाही. दर शनिवारी जाते तशीच जात राहिले आणि पहिल्याच शनिवारी त्याला सांगून टाकलं की मी तुझ्या नावानं खोटं बोलले, आता तू काय करायचं ते माझं कर, त्या दोघींचं करू नको.

अश्विनी नाचली. पहिला प्रयोग, दुसरा, तिसरा. तिसऱ्याचं चित्रण तिनं पाठवलं. सगळं घर बसलं. कवडूमामाही येऊन बसले आणि पहिली दहा मिनिटं, पोट्टीनं पूर्ण कपडे काऊन नाही घातले, यावर बोलत राहिले, मग गप्प झाले. बाईनं तिचा चेहरा एकदाही पाहिला नसेल. ती उजव्या पायाकडेच पाहत होती. अश्विनी त्या एका पायाच्या टोकावर फिरत होती आणि बाईच्या हातातला पदर पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अश्विनीचा फोन आला. आवाज मोकळा होता. म्हणाली, “आई, नवस फिटला म्हणून झालं हे सगळं.”

बाईनं फोन जवळ ओढला. मग म्हणाली, “फिटला नाही.”

“काय?”

“तुह्याच पायाचा होता. मी रस्त्यात खोटं बोलली. काकू बी खोटं बोलली, माह्यासाठी.”

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“काकूनं शपथ घेतली होती,” अश्विनी म्हणाली.

“घेतली. तिचं ती अन् मारोती पाहून घेतील. तू एवढं सांग, नवस बाकी होता का नाही? बाकीच होता. अन् तू तीनदा नाचली. काही झालं पायाले?”

“…नाही.”

“मग? तो कोणाचे हाडं मोडत नाही वं. तू पडली म्हणून मोडलं. हे तुले आधी सांगितलं असतं तर तू मानलं नसतं, म्हणून तीन प्रयोग होऊ दिले.”

अश्विनी रडत होती की चिडली होती, मला नीट समजलं नाही. दोन्ही असेल. नाक ओढून म्हणाली, “मग मी पुढच्या चैत्रात येतो. चालतो.”

“पुढच्या चैत्रात काही गरज नाही. तुह्यं नाचणं सरलं की ये.”

“अजून बारा-पंधरा वर्षं तरी नाचन मी, आई.”

“मग पंधरा वर्षांनी ये. मी कुठं घाई करून राहिली?”

“अन् तू?” अश्विनी म्हणाली. “पंधरा वर्षं साखर सांभाळशीन का? काल कवडूमामाच्या घरी रसाचं जेवण होतं, काकूनं सांगितलं मले. किती वाट्या खाल्ल्या?”

बाईनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

“दोन,” ती म्हणाली.

“खरं सांग.”

“तीन.”